किरकोळ दुरुस्ती

भाडेकरूचा फोन आला तेव्हा वेलांटीकाका पेपरातल्या निधनाच्या जाहिराती तपासत होते. एका ठिकाणी 'दुखद निधन' असं छापलं होतं. माणूस गेला ते एक वेळ समजण्यासारखं होतं, पण विसर्गही गेला, हे काकांच्या मनाला लागलं. त्यांनी लाल पेनाने दोन टिंबं दिली आणि मग फोन उचलला.

"मालक, बाथरूममधला नळ गळतोय."

'मालक' हा शब्द काकांना फार आवडायचा. चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासताना त्यांना 'ओ' आणि 'ते कोपऱ्यातले' यापलीकडे कुणी काही म्हटलं नव्हतं.

"किती गळतोय?" त्यांनी मालकाच्या आवाजात विचारलं.

"थेंब थेंब."

"मग करार काढा. कलम सात वाचा."

करार जवळच ठेवलेला असावा. भाडेकरूने लगेच वाचलं, "'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी. मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी मालकाची राहील.'"

"थेंब म्हणजे किरकोळ."

"बरं. मग मोठी कधी समजायची?"

"धार लागली की मोठी."

"ठीक आहे, मालक. धार लागली की फोन करतो."

काकांना वाटलं, प्रकरण मिटलं. हा भाडेकरू विमा कंपनीत दावे तपासायला होता. म्हणजे लोकांनी जे मागितलं ते कलमं दाखवून कसं द्यायचं नाही, यावरच त्याचं पोट चाललं होतं. हे काकांना घर देताना माहीत होतं. उलट म्हणूनच त्यांनी त्याला घर दिलं होतं. "वाचणारा माणूस आहे," असं ते बायकोला कौतुकाने म्हणाले होते.

काकांना वेलांटीकाका हे नाव त्यांच्या इमारतीने दिलं होतं. एकदा जिन्याखालच्या फळ्यावर 'उद्या पाणि बंद राहिल' अशी सूचना लागली. काकांनी 'पाणि'ची वेलांटी दुसरी केली, 'राहिल'ची दुसरी केली आणि समाधानाने वर आले. दुसऱ्या दिवशी घरात तोंड धुवायला पाणी नव्हतं. काकूंनी विचारलं, "खाली लिहिलं नव्हतं का?" तेव्हा काका म्हणाले, "लिहिलं होतं, पण चुकीचं."

खरं तर ते दुसरं घर भाड्याने द्यायला घेतलंच नव्हतं. काका-काकू तिसऱ्या मजल्यावर राहत. लिफ्ट नव्हती, चोपन्न पायऱ्या होत्या आणि काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. म्हणून निवृत्तीचा सगळा पैसा घालून काकांनी पंधरा मिनिटांवर एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिथे लिफ्ट होती. चांगली, आरशाची. किल्ल्या हातात आल्या आणि काकांच्या डोक्यात आलं, की एवढं कोरं घर लगेच कशाला वापरायचं? अकरा महिने भाड्याने देऊ, पडदे आणि कपाटं त्यातून सुटतील, मग आरामात जाऊ.

"अकराच ना?" काकूंनी विचारलं होतं.

"अकराच. करारातच लिहितो."

करारासाठी वकिलाकडे जायला काका तयार नव्हते. वकिलांना जोडाक्षरं धड येत नाहीत, असं त्यांचं मत होतं. त्यांनी आठवडाभर बसून स्वतः तेवीस कलमं लिहिली आणि चार वेळा तपासली. एक काना इकडचा तिकडे नव्हता. भाडेकरू आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन राहायला आला, त्या दिवशी काकांनी त्याला करार मोठ्याने वाचून दाखवला होता. आई बिचारी खुर्चीत बसून ऐकत होती. मध्येच तिने, "पंखा कुठं लावतात?" असं विचारलं, तर काका म्हणाले, "ते कलम चौदामध्ये येईल."

तर नळाचा फोन आला तो नवव्या महिन्यात. काकू तोवर चार महिने खाली उतरल्या नव्हत्या. भाजी दोरीला टोपली बांधून वर यायची. दिवसभर त्या खिडकीत बसत. तिथून रस्त्यावरच्या माणसांची टकलं आणि भांग तेवढे दिसत, तोंडं दिसत नसत. रोज सकाळी चहा पिताना त्या एकच प्रश्न विचारत, "किती दिवस राहिले?" काका आकडा सांगत आणि पेपर उघडत. काकूंच्या मनात त्या आकड्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, हे काकांना दिसत नव्हतं, कारण ते कुठे छापलेलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी फोन आला. भाडेकरूच्या आवाजात समाधान होतं.

"मालक, धार लागली."

"कधीपासून?"

"आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मी रोज बघत होतो."

"रोज बघत होतात, मग वायसर का नाही बदललात?"

"किरकोळ म्हणावं की नाही, याचा निर्णय होत नव्हता. मधे काही दिवस थेंबही नव्हता आणि धारही नव्हती. त्या अवस्थेबद्दल करारात काही नाहीये. मी दोनदा वाचला."

काकांना राग आला, पण दोनदा वाचला हे ऐकून थोडं बरंही वाटलं. ते नळकाम करणाऱ्याला घेऊन तिकडे गेले. त्याने नळ पाहिला, भिंतीवर थाप मारली, भिंतीचा ओला पोपडा हातात आला तो काकांना दाखवला.

"दीड महिन्यापूर्वी बोलावलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आता पाइप आतून गेलाय. भिंत फोडायला लागेल. आठ दिवस बाथरूम बंद."

"मग करा सुरू," काका म्हणाले.

"आणि ह्या आजी आठ दिवस जाणार कुठं? घर रिकामं करा, मग बोलवा. माणसं राहतात तिथं मी भिंत फोडत नाही. एकदा फोडली होती, त्या लोकांनी मला त्यांच्या भांडणात साक्षीला नेलं."

काका मुळीच खचले नाहीत. करार संपायला तीन आठवडे उरले होते. भाडेकरू जाईल, भिंत फुटेल, पाइप बदलेल, आपण राहायला येऊ. त्यांनी जाता जाता भाडेकरूला आठवण करून दिली, "महिनाअखेर घर सोडायचंय, लक्षात आहे ना?"

"मला सोडता येणार नाही, मालक."

"म्हणजे?"

"कलम एकोणीस." भाडेकरूने चष्मा लावला. "'घरातील कोणतीही दुरुस्ती अपुरी असताना भाडेकरूस कोणत्याही कारणास्तव घर सोडता येणार नाही.' तुम्हीच लिहिलंय. मी करार मोडणारा माणूस नाही."

हे कलम काकांनी फार विचार करून घातलं होतं. भाडेकरू मोडतोड करून पळून जातात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"अहो, ते तुम्ही पळून जाऊ नये म्हणून आहे!"

"नाहीच जात मी."

"पण तुम्ही गेल्याशिवाय दुरुस्ती होत नाही."

"आणि दुरुस्ती झाल्याशिवाय मला जाता येत नाही." भाडेकरूने करार मिटला आणि मनापासून म्हणाला, "मालक, वीस वर्षं मी कलमं वाचतोय. प्रत्येकात कुठेतरी फट सापडते. यात नाही. इतकं चोख वाक्य मी आजवर पाहिलं नाही."

आणि गंमत अशी, की काका लाजले. घर हातचं चाललं होतं, आणि हा गृहस्थ दारात उभा राहून शैलीची तारीफ ऐकत होता. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, "थोडं लांबेल असं दिसतंय. पण वाक्य त्यालाही खोडता आलं नाही."

"किती लांबेल?"

"ते आता सांगता येत नाही."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून आकडा विचारायचं बंद केलं. काकांना वाटलं, समजूत पटली. काकू मात्र दुपारी पलंगावर पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. गुडघ्यांसाठी नव्हे. गुडघे कधीचेच दुखत होते.

इकडे पाण्याला कलमं वाचता येत नव्हती. ते भिंतीतून खाली गेलं. खाली पहिल्या मजल्यावर एका वकीलबाईंचं घर आणि कचेरी एकत्रच होती. आधी त्यांच्या छताला डाग पडला, मग टेबलावर बादली आली, मग एके दिवशी दुसरी बादली आली आणि पहिल्या बादलीखालची फाइल भिजली. त्या संध्याकाळी वकीलबाईंनी सोसायटीच्या रजिस्टरमध्ये मालकाचं नाव पाहिलं आणि नोटीस धाडली.

नोटीस आली ती काकूंच्या नावावर.

काकांनी पाकीट फोडलं, वरची ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. "बघा! वकील म्हणवतात आणि मालकाचं नाव चुकीचं!" त्यांनी काकूंचं नाव लाल पेनाने काटलं, समासात आपलं नाव लिहिलं, खाली 'छतातुन' होतं त्याचं 'छतातून' केलं, 'त्वरीत'चं 'त्वरित' केलं आणि 'दुरुस्त प्रत पाठवावी' असा शेरा मारून नोटीस परत पाठवली. काकूंनी आतून विचारलं, "कुणाचं पत्र होतं हो?"

"चुकून आलं होतं."

दोन दिवसांनी वकीलबाईंनी काकांना बोलावून घेतलं. कचेरीत दोन बादल्या टपटप वाजत होत्या आणि दोरीवर कागद वाळत घातले होते. टेबलावर लाल केलेली नोटीस होती.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. एकूण तीन चुका होत्या."

"वेलांटी-उकारांचं कबूल. पण नाव बरोबर होतं." त्यांनी रजिस्टरची प्रत पुढे सरकवली. "घर तुमच्या पत्नीच्या नावावर आहे. तुम्ही कोण?"

"मी मालक!"

"कशावरून?"

काकांनी रजिस्टरची प्रत जवळ ओढून नाव वाचलं. त्यांना आठवलं. नोंदणीच्या वेळी बाईच्या नावावर घर घेतलं तर सूट होती. एजंट म्हणाला, घ्या काकूंच्या नावावर, काय फरक पडतो? काका म्हणाले, काहीच नाही. काकूंना खुर्चीवर बसवून त्यांनी कागदावर बोट ठेवलं होतं, 'इथे कर सही.' काकूंनी केली होती. मग आठ दिवसांनी करार लिहिताना 'मालक' या शब्दापुढे काकांनी आपलं नाव घातलं. चार वेळा तपासलं. चारही वेळा त्यात त्यांना चूक दिसली नाही, कारण मालक म्हटलं की आपण, यात वावगं काही असू शकतं हे त्यांच्या मनालाच शिवलं नव्हतं.

"म्हणजे करार?"

"ज्याचं घर नाही त्याने घर भाड्याने दिलंय. तेवीस कलमांना रद्दीचा भाव येईल."

काकांनी 'रद्दी' हा शब्द आधी मनात तपासून पाहिला. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. करार रद्द, म्हणजे कलम एकोणीस रद्द! भाडेकरू बाहेर, भिंत फोडा, काम फत्ते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक सापडली आणि तीही फायद्याची निघाली. ते रिक्षाने घरी आले, चोपन्न पायऱ्या दम खात चढले आणि धापा टाकत काकूंना सगळं सांगितलं. वकीलबाईंकडून घर खाली करण्याचा कागदही लिहून आणला होता. त्यांनी तो काकूंपुढे धरला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे कर सही."

काकूंनी पेन घेतलं नाही.

"घर माझं आहे?"

"कागदोपत्री."

"आणि तुमचं कुठल्या कागदात आहे?"

"अगं, तसं नव्हे. नवरा-बायकोत काय तुझं-माझं?"

"मग करारात माझं नाव का नाही घातलंत?"

काकांनी कागदावरचं बोट काढलं. काकूंनी चष्मा मागितला. कागद वाचला. मग कपाटातून करार काढायला लावला आणि तेवीसच्या तेवीस कलमं सावकाश वाचली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या मी तिकडे येते."

"तू? अगं, पायऱ्या..."

"चोपन्न आहेत. माहिती आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू जिना उतरल्या. एकेका पायरीवर बसत, दोन्ही हातांनी पाय पुढे सरकवत. पाऊण तास लागला. काका मागून पिशवी धरून सूचना देत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने हात दिला तेव्हा काकू तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. सहा महिन्यांत तिचा फक्त भांग पाहिला होता.

नव्या इमारतीत लिफ्टचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. भाडेकरूने दार उघडलं, आत त्याची आई त्याच खुर्चीत बसली होती. काकू तिच्या शेजारी बसल्या. दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

काकांनी घसा खाकरून सुरुवात केली, "करार रद्दबातल आहे. मालकाच्या जागी..."

"तुमचं नाव आहे, माहितीये," भाडेकरू म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं. लिफ्टजवळच्या पाटीवर मालकिणीचं नाव आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"समोरच्याची चूक लगेच सांगायची नाही, असं आमच्या खात्यात शिकवतात."

"अहो," काकू काकांना म्हणाल्या, "घराचे मूळ कागद आणलेत का?"

"नाही. ते कपाटात."

"मग घेऊन या जा. आणि माझी औषधं पण. आणि शाल. आणि दोन साड्या."

साड्या कशाला, हे विचारायचं काकांना सुचलं नाही. कागद म्हटलं की त्यांना पुढचं ऐकू येत नसे. ते गेले, चोपन्न चढले, चोपन्न उतरले, आणि दोन तासांनी परत आले तेव्हा भिंतीतून ठोकण्याचा आवाज येत होता. नळकाम करणारा बाथरूममध्ये छिन्नी चालवत होता. वकीलबाई दारात उभ्या होत्या.

"हे काय? घर रिकामं झाल्याशिवाय हा..."

"आठ दिवस ही मंडळी आमचं बाथरूम वापरतील," वकीलबाई म्हणाल्या. "लिफ्टने एक मजला खाली यायचंय फक्त. मला छत कोरडं हवंय. साक्षीला नेणार नाही, असं ह्यांना लिहूनही दिलंय. मालकीणबाईंनी विचारलं, मी हो म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही विचारलं नव्हतंत."

काकांनी आत पाहिलं. भाडेकरूने पुढच्या खोलीत आपली गादी घातली होती. आतल्या उजेडाच्या खोलीत दोन पलंग लागले होते आणि काकू एका पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या.

"हे गृहस्थ घर का सोडत नव्हते, विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या. "ह्यांच्या आईला जिना चढवत नाही. लिफ्टचं दुसरं घर मिळत नव्हतं."

"मग सरळ सांगायचं ना!"

"मालकांशी सरळ कसं बोलायचं तेच कळेना," भाडेकरू अवघडून म्हणाला. "कलमातूनच बोलावं लागायचं."

काकूंनी साड्यांची पिशवी ओढून घेतली. "मी इथेच राहतेय आता. ह्यांना दुसरं घर मिळेपर्यंत तेही राहतील. आम्ही दोघी या खोलीत, ते बाहेर."

"आणि मी?"

"तुम्हाला जागा नाही. ते तिकडचं तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे की तुमच्या नावावर."

"अगं, पण किती दिवस?"

काकूंनी पिशवीतली शाल काढून पायांवर घेतली. मग म्हणाल्या, "ते आता सांगता येत नाही." आणि लगेच त्यांचा आवाज फुटला. "सहा महिने मी त्या खिडकीत बसले. तुम्ही तेवीस कलमं लिहिलीत, पेपरातल्या मेलेल्या माणसांचे विसर्ग शोधलेत. एकदा तरी म्हणालात का, चल, हात धर, आज दोघं मिळून खाली उतरू? पाऊण तास लागतो फक्त. आज कळलं मला."

काकांनी वाक्य मनात दोनदा फिरवून पाहिलं. त्यात दुरुस्तीला जागा नव्हती. ते मूळ कागद टेबलावर ठेवून बाहेर आले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिले. आत कुणीतरी हसलं. मग दार उघडून काकू आणि भाडेकरूची आई एकमेकींना धरून बाहेर आल्या आणि काकांकडे न बघता लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्ट खाली गेली. काकांना वाटलं, मला न्यायला परत येईल. लिफ्ट वर आली, पण त्यांच्या मजल्यावर न थांबता थेट गच्चीपर्यंत गेली. मग पुन्हा खाली. मग पुन्हा वर. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता.

काकांनी बटण दाबलं. दार उघडलं. आरशासमोर दोघी उभ्या होत्या, काकूंच्या गालांवर कित्येक महिन्यांत नव्हता तो रंग आला होता.

"मला खाली जायचंय," काका म्हणाले.

"आम्ही वर चाललोय," काकू म्हणाल्या, आणि दार मिटलं.

काका जिन्याने उतरले.